क्रमांकाशेजारी आकड्याचं सालही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या ध्येयांकडे कोणता देश किती पोचला, याची क्रमवारी लावणाऱ्या २०२५ च्या अहवालात १६७ देशांमध्ये भारत ९९ वा आला. आपण पहिल्यांदाच शंभराच्या आत, याचा मलाही आनंद झाला. त्याच यादीत भूतान ७४ वा, नेपाळ ८५ वा, बांगलादेश ११४ वा आणि पाकिस्तान १४० वा आहे. बातमी आली की 'नेपाळ आपल्या पुढे कसा?' हीच चर्चा रंगते. मी अठ्ठावीस वर्षं घरोघरी जाऊन पाहणीचे तक्ते भरले आहेत. मला आधी विचारावंसं वाटतं, की हे आकडे कोणत्या सालचे, आणि कुणी मोजले?

एका पाहणीत 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत' असा रकाना होता. एका घरी अंगणात नळ होता, त्यावर फडकं बांधलेलं. मी 'नळ' हा कोड लिहिला. घरातली बाई म्हणाली, "ताई, चौथ्या दिवशी येतं हो, ते पण पहाटे तासभर." तेवढ्यासाठी रकाना नव्हता. मी समासात शेरा लिहिला. आकडे संगणकावर चढवताना समास कुणी चढवत नाही. वरच्या तक्त्यात त्या घरी नळ आला, एवढंच उरलं.

बांगलादेशात तर याच्या कितीतरी पट मोठं घडलं. तळ्या-डबक्यांच्या पाण्याने रोगराई होते म्हणून गावोगाव हातपंप बसवले गेले, आणि हातपंप म्हणजे 'सुधारित स्रोत' अशी नोंद होत राहिली. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक हे विष सापडलं. पुढे २०१२-१३ च्या पाहणीत पाणी प्रत्यक्ष तपासलं गेलं. घरात प्यायला देतील तसं पेलाभर पाणी मागायचं, त्यातलं १०० मिलिलिटर गाळायचं, ते गाळण तबकडीत ठेवून दुसऱ्या दिवशी निळे ठिपके मोजायचे. ठिपके दिसले म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू. अशा तपासणीनंतर 'सुरक्षित पाणी' मिळणाऱ्यांचा आकडा 'सुधारित स्रोता'पेक्षा पुष्कळ खाली येतो. देश मागे गेलेला नसतो, मोजणं खरं झालेलं असतं. क्रमवारीत मात्र प्रामाणिकपणे मोजणाऱ्यालाच त्याची शिक्षा होते, आणि हे मला फार लागतं.

भाजकाचंही तेच. दर लाखामागे, दर हजारामागे म्हणताना लाख कुठून आणायचे? जनगणनेतून. नेपाळची २०२१ मध्ये झाली, बांगलादेशची २०२२ मध्ये, पाकिस्तानची २०२३ मध्ये, श्रीलंकेची २०२४ मध्ये. आपली शेवटची २०११ ची, पुढची २०२७ मध्ये. अफगाणिस्तानात एकच झाली, १९७९ मध्ये, तीही अर्धवट. मधल्या वर्षांचे आकडे अंदाजाने काढतात. अंदाज वाईट नसतो, फक्त तो अंदाज आहे हे सांगायला हवं.

लहान देशांची अडचण आणखी वेगळी. या ध्येयांनुसार २०३० पर्यंत जगातले मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आणायचे आहेत. समजा एखाद्या देशात वर्षाला पाच हजार बाळं जन्मतात. तिथे एक माता दगावली की दर २० ने वाढतो. तीन दगावल्या तर देश उद्दिष्टाच्या आत, चार दगावल्या तर बाहेर! एका वर्षावरून अशा देशाला चढला किंवा घसरला म्हणणं अन्यायाचं आहे. उलट दक्षिण आशियात दर दहा माणसांत सात भारतीय, त्यामुळे 'प्रदेशाची सरासरी' म्हणून जे छापलं जातं ते बहुतांशी आपलंच चित्र असतं. मालदीव त्यात दिसतच नाही.

२०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं ठरली, त्यातलं एक लक्ष्य आकडेवारीचंच आहे: उत्पन्न, लिंग, वय, अपंगत्व, ठिकाण यांनुसार वेगवेगळे आकडे २०२० पर्यंत उपलब्ध व्हावेत. या लक्ष्याचं काय झालं, ते बातमीत क्वचितच वाचायला मिळतं.

आपल्याला एवढीच विनंती, की पुढची क्रमवारी छापाल तेव्हा प्रत्येक देशाच्या क्रमांकाशेजारी आणखी दोन रकाने द्या: मुख्य आकडे कोणत्या सालचे, आणि ते मोजलेले की अंदाजलेले. जागा कमी पडली तर क्रमांकाचा रकाना काढलात तरी माझी तक्रार नाही.

आपली,
एक निवृत्त पाहणी कर्मचारी