फ्युचुराची सायकल

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "सुटला तो सुटला ब्रश, आता औषधांची बॅग खरी." तेव्हा मी गप्प बसलो. आता लिहितो.

फ्युचुरा आठवतो? हॉस्टेलच्या भिंतीवर ज्याने रंगवलेल्या रेल्वेडब्याचा फोटो तू भाताने चिकटवला होतास, तोच. खरं नाव लेनर्ड मॅकगर, न्यूयॉर्कचा, जन्म १९५५चा. तिथली पोरं भुयारी रेल्वेवर आपापली नावं रंगवत, त्यातलाच एक. १९७३ मध्ये बोगद्यात रंगाने पेट घेतला, सोबतचा मित्र भाजला, आणि हा नौदलात निघून गेला.

परतल्यावर १९८० साली त्याने 'ब्रेक' नावाचा डबा रंगवला. बाकी सगळे अक्षरांत अडकलेले: कुणाचं नाव मोठं, कुणाचं जास्त वळणदार. याने डबाभर नुसते रंग सोडले, ढगासारखे. स्प्रेने हे करून दाखव म्हणावं कुणाला! पुढच्याच वर्षी तो 'द क्लॅश' या बँडच्या दौऱ्यात, गाणं चालू असताना मागे पडदा रंगवत उभा. बास्किया, हेरिंग या नावाजलेल्या चित्रकारांच्या बरोबरीने गॅलऱ्यांत चित्रं लागली.

आणि मग गॅलऱ्यांची हौस फिटली. पोट भरायला हा गडी मॅनहॅटनमध्ये सायकलवरून पाकिटं पोचवू लागला. ज्याच्या मागे कालपर्यंत कॅमेरे होते, तो आज लिफ्टपाशी सहीसाठी उभा! त्याच्याबद्दलच्या लेखांत हे एका ओळीत उरकतात. मी मात्र तिथेच अडकतो.

नव्वदीत लंडनच्या 'मो वॅक्स' या रेकॉर्ड कंपनीने त्याची चित्रं कव्हरांवर घेतली. त्याचा तो लांबट डोक्याचा परग्रहवासी, 'पॉइंटमॅन', खेळणं होऊन विकला गेला. पुढे नायकेचे बूट, २०२० मध्ये बीएमडब्ल्यूची गाडी. नोटांची छपाई असलेला तो नायकेचा बूट मला मुळीच आवडत नाही, पण त्याची रेषा बुटावरही ओळखू येते, हे मान्य. २०२४ मध्ये ब्राँक्स म्युझियमने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं.

तुझा बारा नंबरचा फ्लॅट ब्रश अजून माझ्याकडेच आहे. केस थोडे झडलेत. गणपतीत येताना आणतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या