काका, ते आरव्ही-७ नव्हतंच! (एक जाहीर थँक्यू)

ती. काका,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे चारचौघांत लिहितोय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे काका मूळचे सांगलीचे, इथे ओहायोत मशीन शॉपमध्ये नोकरी केली, रिटायर झाल्यावर घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधलं आणि अजून उडवतात. शिवाय ईएएचे टेक्निकल काउन्सेलर आहेत, म्हणजे आसपास कोणी घरी विमान बांधत असेल तर त्याच्याकडे जाऊन काम बघायचं, सल्ला द्यायचा, आणि पैसे शून्य. (ईएए म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना, १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नींनी विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेली.) इथे नियम असा की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा मजेसाठी केलेलं असेल तर 'एक्सपेरिमेंटल' म्हणून त्याची रीतसर नोंद होते. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नुसत्या नोंदणीसाठी २०१७ उजाडावं लागलं, ते आठवलं की इथल्या सोयीची किंमत कळते.

तर काका, ती जाहिरात. इंडियानात एका आजींचे मिस्टर गेले, त्यांचं अर्धवट राहिलेलं विमान धान्याच्या कोठारात पडून होतं, आणि भाच्याने 'आरव्ही-७ प्रोजेक्ट' म्हणून विकायला काढलं होतं (आरव्ही म्हणजे व्हॅन्स कंपनीची, किट आणून घरी बांधायची विमानं). किंमत बघून मी हवेतच होतो, डोक्यात २०० हॉर्सपॉवरचं इंजिन, लूप, रोल सगळं सुरू झालं होतं. तुम्हाला फोटो पाठवले तर तुमचा एका ओळीचा मेसेज आला, "शेपटीचा फोटो परत पाठव, बरोब्बर वरून काढलेला." पाठवला. मग फोन आला, "अरे ही नऊ आहे." म्हणजे आरव्ही-९.

कसं ओळखलं ते तुम्ही दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलंत, आणि मला वाटतं मी जे काही शिकलो त्याची सुरुवात तिथून झाली. सात आणि नऊचं धड जवळजवळ सारखंच, त्यामुळे नुसतं धड बघून भलेभले फसतात, पण सातच्या शेपटीचा आडवा पंख टोकाकडे निमुळता होत जातो, नऊचा मात्र मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा, सरळ पट्टीसारखा. नऊचे मुख्य पंखही लांब, २८ फूट, सातचे २५ च्या आसपास, आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना खाली करायची झडप) खाली जाताना पंखात फट पडते कारण ते स्लॉटेड. हे नुसतं हौशी ज्ञान नाही हो, नऊला कसरती अलाउडच नाहीत आणि इंजिन १६० हॉर्सपॉवरच्या वर लावायचं नाही असं व्हॅन्सवाल्यांचंच सांगणं. मी सात समजून २०० चं इंजिन आधीच बुक केलं असतं तर बायकोने मला त्याच कोठारात ठेवलं असतं.

आणि तरीही तुम्ही "घेऊ नको" म्हणाला नाहीत. "तुला लूप मारायचेत की सांगायचंय की मी विमान बांधलं?" एवढंच विचारलंत. नऊ हळू उतरते, सरळ स्वभावाची आहे, नवशिक्याला बरी. मग माझ्याबरोबर गाडीत बसून आलात, पंखाच्या आत टॉर्च मारून कुठे उंदरांनी घर केलंय का ते बघितलंत (उंदराचं मूत अॅल्युमिनियम खातं, हे मला बापजन्मी माहीत नव्हतं), पांढरी पावडर, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, कुठे धरलीय का ते नखाने खरवडून पाहिलंत. आणि आजींकडे पहिली गोष्ट मागितलीत ती आजोबांची वही आणि फोटो, कारण निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलंय हे दाखवायचं तर आजोबांनी काय काय केलं याचा पुरावा हवा. आजींनी खोकंच दिलं. प्रत्येक पानावर तारीख, किती तास काम, आणि मधेच एखादी शिवी. विमानावरच्या डेटा प्लेटवर (बांधणाऱ्याचं नाव असलेली पट्टी) आजोबांचं आडनाव माझ्या आडनावाला जोडून घालायचं ठरवलंय, आजींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या.

आता रिव्हेटबद्दल (पत्रे जोडायच्या, ठोकून बसवायच्या खिळ्या), कारण खरे आभार त्याचे आहेत. पंखाचा पत्रा लावताना रिव्हेट ठोकायची बंदूक माझ्याकडे आणि बकिंग बार (मागून टेकवून धरायचा लोखंडी ठोकळा) हिच्याकडे, कारण हिचा हात बारीक, पार आत जातो. पत्र्यावर सगळीकडे क्लेको (पत्रा तात्पुरता धरून ठेवणाऱ्या पिना) टोचलेले. तुम्ही स्टूल घेऊन बसलात आणि दोघांना आधी बोलायला शिकवलंत, "मारू?" "मार." "बघ." "ठीक." याशिवाय एक शब्द नाही, नाहीतर बार जागेवर नसताना बंदूक सुटते आणि पत्र्याला पोचा. ३/३२ इंचाचा रिव्हेट ठोकला की मागचं डोकं मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला हवं, ते मोजायचं गेज तुम्ही स्वतःचं आणून दिलंत, ते अजून माझ्याकडेच आहे. एक जरासा वाकडा बसला, हिने लगेच ड्रिल मागितलं, तर तुम्ही गेज लावून, टॉर्चने दोन्ही बाजू बघून म्हणालात, "राहू दे त्याला. काढताना भोक मोठं झालं तर आत्ता आहे त्याहून वाईट होईल." दुसरा एक मात्र तुम्ही काढायलाच लावलात. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा हे मॅन्युअल वाचून नाही समजत, शेजारी कोणीतरी बसलेलं लागतं, आणि तुम्ही थंडीत, हीटर धड चालत नसलेल्या गॅरेजमध्ये तसे बसलात. पण बंदूक एकदाही हातात घेतली नाहीत. मी दोनतीनदा पुढे केली होती, तुम्ही खिशात हात घातलेत.

ऑशकॉशला, ईएएच्या विमानांच्या जत्रेत, तुमच्याबरोबर फिरणं म्हणजे तर तोंडी परीक्षाच. नाक जमिनीला टेकवून उभं असलेलं लाँग-ईझी कोणीही ओळखेल (बर्ट रुटान या डिझायनरचं, इंजिन मागे, पायलट उतरला की मागे कलंडू नये म्हणून पुढचं चाक आत घेऊन ठेवतात), पण शेजारी तसंच दिसणारं अंमळ रुंद उभं होतं, ते कोझी, माणसं शेजारी शेजारी बसतात. पुढच्या पंखाच्या टोकांनाच चाकं, ती क्विकी. डोक्यावर छत्रीसारखा पंख आणि पुढे फोर्डच्या मोटारीचं इंजिन, ते पिटेनपोल, १९२९ चं डिझाइन आणि लोक अजून लाकूड तासून बांधतायत. मी चुकलो की तुम्ही उत्तर सांगायचा नाहीत, नुसतं "शेपटी बघ" म्हणायचात, आणि ही माझ्या आधी ओळखायची, ते वेगळंच.

काकूंचेही आभार, इतके शनिवार तुम्हाला आमच्याकडे सोडलं म्हणून.

आता कामाचं. नवीन लायकमिंग कंपनीचं इंजिन काही परवडत नाही, त्यांचंच एक जुनं ओ-३२० मिळतंय, १६० हॉर्सपॉवरचं, बरीच वर्षं न चालवता ठेवलेलं, त्यामुळे कॅमशाफ्टला गंज असेल का अशी शंका आहे. लॉगबुकं स्कॅन करून आज रात्री मेल करतो. सिलिंडर काढून आत बघू देतील का ते मालकाला विचारलंय, हो म्हणाला तर या शनिवारी जाऊ, गाडी मी चालवतो, तुमचं गेजही तेव्हाच परत देतो.

तुमचा,
गॅरेजवाला