आजी-आजोबांच्या नावाने धावूया: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निधीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ६ ते ९ या वेळेत आपल्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर नातवंडांनी आपापल्या आजी-आजोबांच्या नावाने धावायचे आहे. जमलेला सगळा निधी ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवसा सांभाळ केंद्राला मिळेल. सप्टेंबरात गणेशोत्सवाच्या बंदोबस्तामुळे रस्त्यावर परवानगी मिळणे अवघड जाते, म्हणून धाव मैदानातच ठेवली आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर. बहुतेक रुग्ण घरीच असतात आणि सून, लेक किंवा म्हातारा जोडीदार त्यांच्यापाशी अडकून पडतो. तिन्हीसांजेला रुग्णाची घालमेल वाढते, रात्री कडी काढून ते बाहेर पडतात. सांभाळणाऱ्या माणसाला झोपेला, दवाखान्याला, बाजारहाटाला चार तास मोकळे मिळणे ही इथली खरी गरज आहे. त्यामुळे निधीचा मोठा भाग मदतनिसांच्या पगारावर खर्च होईल. उरलेल्यातून रुग्णाच्या मनगटात घालायची, फोन नंबर कोरलेली कडी, न्हाणीघरात धरायचे दांडे आणि मोठ्यांचे डायपर घेऊ. डायपर वस्तुरूपाने देणार असाल तर चालत्या-फिरत्या रुग्णांसाठी चड्डीसारखे आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी चिकटपट्टीचे, असे दोन्ही हवेत. गडद रंगाची पायपुसणी मात्र देऊ नका. रुग्णाला तिथे खड्डा दिसतो आणि तो पाऊल टाकायला घाबरतो.

फेरी ४०० मीटरची आहे. धावणाऱ्याने नातेवाईक, शेजारी, शिक्षक यांच्याकडून फेरीमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यावी आणि ती पत्रकावर लिहावी. त्या रकमेच्या बाजूला कमाल रक्कमही लिहून घ्या: फेरीला २० रुपये म्हणणाऱ्याला पोरगा पंचवीस फेऱ्या धावला की ५०० रुपये जड वाटू शकतात, आणि मग वसुली रखडते. कबूल झालेले पैसे आठ दिवसांत जमा करावेत. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात धावणाऱ्याचे नाव लिहावे, नाहीतर पावती कोणाच्या नावे फाडायची ते कळत नाही. प्राप्तिकरात सूट हवी असल्यास पॅन द्यावा; २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सूट मिळत नाही.

छातीवरच्या पट्टीवर आजी-आजोबांचे नाव लिहिण्याआधी घरच्यांना विचारा. आजी-आजोबांना मैदानावर जरूर आणा, पण ८ नंतर, गर्दी ओसरल्यावर. ढोल-ताशा आणि भोंगा ठेवलेला नाही, कारण गोंगाटात रुग्ण बावरतात. सावलीत खुर्च्या असतील आणि एक फेरी चाकाच्या खुर्चीतून मारता येईल. प्रत्येक रुग्णासोबत ओळखीचे एक माणूस सतत हवे, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी हवी.

फेऱ्या मोजायला, पाणी द्यायला आणि मैदानाच्या दोन्ही फाटकांवर थांबायला स्वयंसेवक कमी पडत आहेत. फाटकावर तर माणूस हवाच. नावे मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत द्यावीत. पत्रकेही तिथेच मिळतील.