लाकोटा लेकी आणि त्यांची घराणी

पुणे

प्रिय सुमेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या माहेरच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम तू अंगावर घेतलेस हे वाचून फार बरे वाटले. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, अमेरिकेतल्या लाकोटा या मूलनिवासी लोकांच्या एकोणिसाव्या शतकातील घराण्यांविषयी मी अलीकडे एवढे का वाचते आहे. त्याचे उत्तर थोडक्यात देता येईल, पण थोडक्यात दिले तर ते तुला पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिटिंग बुल, क्रेझी हॉर्स, रेड क्लाउड या लाकोटा पुढाऱ्यांची नावे आपल्याकडेही पुष्कळांच्या कानांवरून गेलेली आहेत; परंतु या पुरुषांच्या आया, बहिणी आणि बायका कोणत्या गोतातल्या होत्या हे कळल्यावाचून त्यांनी जे केले त्याचा अर्थ लागतच नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवात दोन म्हाताऱ्या बायकांपासून करते. 1930 च्या दशकात साउथ डकोटा राज्यातील हॉट स्प्रिंग्ज या गावी, निवृत्त सैनिकांसाठी असलेल्या सरकारी आश्रमात सुझन बॉर्दो बेटलियून आणि जोसेफीन वॅगनर यांची गाठ पडली. सुझनचा जन्म 1857 चा, फोर्ट लॅरमी या लष्करी ठाण्याजवळचा. तिचे वडील जेम्स बॉर्दो हे फ्रेंच वंशाचे व्यापारी होते आणि आई हुंतकालूतावीन ही लाकोटांच्या सिचांगू शाखेतली. जोसेफीन 1871 साली जन्मलेली. तिची आई इताटेवीन हंकपापा शाखेतली आणि वडील आयरिश वंशाचे. सुझनने आठवणी सांगायच्या आणि जोसेफीनने त्या लिहून काढायच्या, असे काम त्या दोघींनी चालवले. आपल्या लोकांविषयी पुस्तकांत जे छापले जात होते त्यात चुका फार आहेत आणि ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आता संपत आली आहेत, ही तळमळ त्यामागे होती. जोसेफीन 1943 साली गेली, सुझन 1945 साली. दोघींच्या हयातीत त्यातले काहीही ग्रंथरूपाने आले नाही. सुझनच्या आठवणी छापून यायला 1998 साल उजाडले, आणि जोसेफीनने स्वतः घरोघरी विचारून जमवलेल्या चरित्रांना व वंशकथांना 2013 साल. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण मधल्या काळात लाकोटांच्या इतिहासावर किती तरी ग्रंथ निघाले.

आता सुझनच्या मामाविषयी. हुंतकालूतावीनचा भाऊ स्विफ्ट बेअर हा सिचांगूंचा एक प्रमुख होता. 1854 सालच्या ऑगस्ट महिन्यात पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन प्रवाशांपैकी एकाची गाय लाकोटांच्या तळावर मारली गेली. तेवढ्यावरून अमेरिकन सैन्यातला लेफ्टनंट ग्रॅटन 29 सैनिक आणि एक दुभाष्या घेऊन 19 तारखेला तळावर चालून गेला. तिथे गोळीबार झाला, लाकोटांचा प्रमुख काँकरिंग बेअर प्राणांतिक जखमी झाला आणि ग्रॅटनची तुकडी मारली गेली. हे सारे बॉर्दोच्या पेढीपासून अगदी जवळ घडले. त्या रात्री चिडलेले तरुण पेढीवर आले तेव्हा बॉर्दोने दुकानातला माल त्यांना वाटून टाकला, आणि त्यांना आवरायला स्विफ्ट बेअर व इतर सोयरे पुढे आले. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना बहुधा बॉर्दोच्या प्रसंगावधानाची म्हणून येते. त्याच्या प्रसंगावधानाला मी कमी लेखत नाही. पण त्या रात्री ते घर वाचले यात घरधनिणीच्या भावाचा आणि तिच्या गोताचा वाटा किती मोठा होता, हे सुझनच्या बाजूने वाचताना मला प्रथम नीट दिसले. गोऱ्या व्यापाऱ्यांशी लाकोटा मुलींची जी लग्ने झाली त्यांकडे पाहताना, व्यापाऱ्याने मुलगी 'मिळवली' अशा सुरात लिहिण्याची पद्धत आहे. लाकोटांच्या दृष्टीने मात्र व्यापारी आपल्या गोतात आला होता, आणि गोतात आलेल्याने गोताला द्यायचे असते व गोताने त्याला राखायचे असते.

पुढच्याच वर्षी, 3 सप्टेंबर 1855 रोजी, जनरल हार्नीने याचा सूड म्हणून ब्लूवॉटर ओढ्याकाठी सिचांगू प्रमुख लिटल थंडर याच्या वस्तीवर हल्ला केला. 86 माणसे मारली गेली आणि सुमारे 70 बायका व मुले कैद झाली. सुझनचा जन्म यानंतरचा. म्हणजे ज्या बायकांमध्ये ती वाढली त्यांच्या घरादारांतून ही माणसे नुकतीच गेलेली होती, आणि तिने जे ऐकले ते त्यांच्या तोंडून ऐकले.

लाकोटांचे एकत्र राहणारे, एकत्र फिरणारे जे गोत असते त्याला तियोश्पाये म्हणतात. लग्नानंतर जोडप्याने नवऱ्याच्या गोतात राहायचे की बायकोच्या, याचा एकच नियम नव्हता, आणि नवरा मेल्यावर बाईने मुलांसह माहेरच्या गोतात परतणे यात काही कमीपणा नव्हता. मूल आईच्या बहिणीलाही आईच म्हणते आणि बापाच्या भावालाही बापच; आत्या आणि मामा यांची नाती तेवढी वेगळी. आपण 'माय मरो पण मावशी उरो' असे म्हणतो. तिथे मावशी ही आईच असते. रेड क्लाउडचे उदाहरण घे. त्याचे वडील सिचांगू होते आणि तो लहान असतानाच वारले. त्याची आई, जिच्या नावाचा अर्थ 'विचार करीत चालणारी' असा होतो, मुलांना घेऊन आपल्या ओग्लाला माणसांत परत आली, आणि तो तिचा भाऊ ओल्ड स्मोक याच्या गोतात वाढला. पुढे ज्या ओग्लालांचा नेता म्हणून तो जगाला माहीत झाला ते ओग्लाला म्हणजे त्याचे आजोळ. क्रेझी हॉर्सचीही आई मिनिकोंजू शाखेतली होती. ती तो लहान असतानाच गेली आणि त्याला सावत्र आयांनी वाढवले.

घर बाईचे असे. तंबूची कातडी कमावणे, ती शिवणे, तंबू उभारणे आणि उतरवणे ही तिची कामे होती आणि तंबू तिच्या मालकीचा होता. नवऱ्याशी पटेनासे झाले तर त्याचे सामान ती दाराबाहेर ठेवी आणि सोडचिठ्ठी झाली असे सर्वजण मानीत. याचा अर्थ तिचे जिणे सुखाचे होते असा मी काढत नाही. म्हशीएवढ्या बायसनची ओली कातडी खरवडणे काय काम असते याची कल्पनाच केलेली बरी. परंतु त्या कष्टांची नोंद होत असे, आणि मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कातडे खरवडण्याचे हत्यार एल्क सांबराच्या शिंगाचे असे. त्या शिंगाच्या मुठीवर बाई ठिपके कोरी आणि आजवर किती कातडी कमावली, किती झगे केले, याचा हिशेब त्यात राही. पुरुष हिवाळ्यांची चित्रबखर ठेवीत, एका वर्षाला एक चित्र. 1833 सालचा उल्कावर्षाव अशा बहुतेक बखरींत आहे. बाईची बखर तिच्या हातातल्या हत्यारावर असे. संग्रहालयांत अशी शिंगे काचेआड ठेवलेली असतात. ती नुसती अवजारे म्हणून मांडली जातात तेव्हा एका बाईच्या आयुष्याचा लेखी पुरावा आपण न वाचता पुढे जातो. साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचे नक्षीकाम हेही असेच मानाचे. त्यात निष्णात असलेल्या बायकांची मंडळे होती आणि कला स्वप्नात मिळते अशी श्रद्धा होती. बाळाची नाळ ठेवण्यासाठी कासवाच्या किंवा सरड्याच्या आकाराची मण्यांची छोटी पिशवी शिवली जाई.

सरकारी कागदात यातले काय उतरले ते पाहा. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहात असे कलम आहे की, पुढे जमीन द्यायची झाल्यास तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील. बायकांच्या सह्यांचा प्रश्नच नाही. त्याच तहात 12 वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला 30 वर्षे दरसाल काय मिळेल ते मात्र तपशीलवार लिहिले आहे: फ्लॅनेलचा एक घागरा किंवा त्यापुरते कापड, लोकरी मोज्यांचा जोड, 12 यार्ड चीट आणि 12 यार्ड साधे सुती कापड. कायद्याने 1885 पासून दरवर्षी शिरगणती सुरू झाली तेव्हा प्रत्येक घराला एक प्रमुख हवा झाला आणि बाकीच्यांची नोंद त्याच्याशी असलेल्या नात्याने होऊ लागली. ज्या समाजात बाईचे नाव लग्नाने बदलत नव्हते तिथे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आडनाव म्हणून घराला चिकटले. म्हणूनच जोसेफीनने घरोघरी जाऊन विचारले आणि आयांची व आज्यांची नावे टिपून ठेवली, त्याचे मोल मला इतके वाटते.

लढाईतल्या बायकांविषयी तू ऐकले असशील, तेव्हा थोडक्यात सांगते. हंकपापा शाखेतली मूव्हिंग रोब 25 जून 1876 रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी इतर मुलींबरोबर रानकंद खणत होती. भाऊ मारला गेल्याचे कळताच ती घोड्यावर बसून अमेरिकन सैन्याशी चाललेल्या लढाईत गेली. ती हकीकत तिने 1931 साली स्वतः सांगितली. याउलट सिचांगू प्रमुख स्पॉटेड टेल याच्या लेकीविषयी, जी 1866 साली वारली आणि जिला बापाने फोर्ट लॅरमीच्या दफनभूमीत लाकोटा रीतीने मचाणावर ठेवले, तिच्याविषयी गोऱ्या लेखकांनी एका लष्करी अधिकाऱ्यावरील प्रेमाची कथा रचून वर्षानुवर्षे सांगितली. मला ती कथा मुळीच मान्य नाही. पोरीच्या मृत्यूने एका बापाने गढीवरच्या लोकांशी सलोख्याचे बोलणे केले, एवढेच पुरेसे मोठे आहे.

शेवटी सिटिंग बुलचे घर. आई हर होली डोअर 1884 साली वारेपर्यंत त्याच्याचकडे होती. त्याच्या दोन बायका, सीन बाय द नेशन आणि फोर रोब्ज, सख्ख्या बहिणी. 15 डिसेंबर 1890 च्या पहाटे एजन्सीचे, म्हणजे राखीव प्रदेशावरच्या सरकारी कचेरीचे, लाकोटा पोलीस त्याला पकडायला आले तेव्हा त्यांच्या बाजूला या दोघींचा भाऊ ग्रे ईगल होता. त्या चकमकीत सिटिंग बुल आणि त्याचा किशोरवयीन मुलगा क्रो फूट मारले गेले. स्विफ्ट बेअर मेव्हण्याच्या दारात आडवा उभा राहिला त्याला तेव्हा 36 वर्षे झाली होती, आणि या मधल्या काळात रेशन, एजन्सी आणि पोलिसांचा गणवेश यांनी गोत कसे फोडले हे त्या दोन बहिणींच्या घरात दिसते. सिटिंग बुलची शवपेटी फोर्ट येट्सला ज्या सैनिक सुताराने बनवली तो जोसेफीनचा नवरा. तिच्या टिपणांत तो दिवस इतक्या जवळून का येतो, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

सिटिंग बुलच्या दोघी विधवा पुढे मुलांसह पाइन रिज या राखीव प्रदेशात गेल्या. त्यांच्यातली एक लेक स्टँडिंग होली; तिची लेक अँजेलीक; आणि अँजेलीकचा मुलगा अर्नी लापॉइंट. आपण सिटिंग बुलचे पणतू आहोत हे त्याला आईकडून कळले होते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने सिटिंग बुलच्या केसांची बट 2007 साली त्या घराण्याला परत केली, आणि तिच्यावरून जनुकीय चाचणी करायचे ठरले. पण वंश लेकीकडून आलेला असल्यामुळे बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र उपयोगाचे नव्हते, आणि आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा धागा सीन बाय द नेशनचा, त्यामुळे तोही चालेना. कोपनहेगनचे जनुकशास्त्रज्ञ एस्के विलरस्लेव्ह यांच्या गटाने यासाठी नवी पद्धत बसवली, जी दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गुणसूत्रांचे तुकडे जुळवून पाहते. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अँजेलीकने मुलाला सांगितलेले नाते खरे होते.

तुझे काम कुठवर आले ते कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वासंती