मुलांच्या वह्या कुणाच्या भरवशावर? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: किशोर व युवकांच्या लेखन-नाट्य संस्थांतील विश्वस्तांची जबाबदारी

महोदय,
स.न.वि.वि.

रंगकर्मी सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर ही बालनाट्य संस्था सुरू केली, त्या काळात मुलांसाठीचे नाटक मोठी माणसे लिहीत. आता १३-१४ वर्षांची मुले स्वतः लिहितात, एकमेकांचे वाचतात आणि त्यातूनच एकांकिका उभी करतात. हे काम पुष्कळदा नोंदणीकृत सेवाभावी संस्था करतात. मुख्याध्यापक, डॉक्टर, वकील, ग्रंथपाल, निवृत्त बँक अधिकारी अशी गावातली जाणती माणसे त्यांवर विश्वस्त असतात. ती सद्भावनेने येतात, पण मुलांनी लिहायला घेतल्यावर आपली जबाबदारी किती बदलली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आपल्या विभागाने ते सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सर्वांत अवघड भाग मुलांच्या वहीतला. ‘घरातली एक गोष्ट लिहा’ असा विषय दिला की वर्गातल्या कुणाच्या तरी कागदावर मारहाण येते, नको असलेला स्पर्श येतो, जगणे नकोसे झाल्याचे वाक्य येते. शिकवणारा २३-२४ वर्षांचा नाट्यकर्मी असतो. तो गोंधळतो, कौतुकाच्या भरात तेच लेखन वर्गात मोठ्याने वाचायला लावतो, किंवा आधी पालकांना फोन करतो. त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असेल, तर त्या एका फोनने मूल आणखी अडकते.

पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) याबाबत स्पष्ट आहे. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तर कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा ठरतो. आरोप संस्थेच्याच माणसावर असेल आणि प्रमुखाने कळवले नाही, तर शिक्षा एक वर्षापर्यंतची आहे. ‘संस्थेचे नाव खराब होईल, आधी आपण बसून बोलू’ असे म्हणणारे विश्वस्त मंडळ कायदा मोडत असते, आणि बहुतेक वेळा त्याला हे ठाऊकही नसते.

म्हणून प्रत्येक संस्थेत वर्ग सुरू होण्याआधी एक क्रम लिहून ठरलेला हवा. शिक्षकाने तो कागद वर्गात वाचू नये. मुलाला बाजूला, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसवून एकच मोकळा प्रश्न विचारावा: ‘याबद्दल तुला आणखी काही सांगायचंय का?’ ते लेखन निव्वळ कल्पित असू शकते. उलटतपासणी घेऊन ते ठरवणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, वेळ-तारखेसह लिहावे आणि त्याच दिवशी नेमलेल्या विश्वस्ताला द्यावे. हा विश्वस्त शक्यतो स्त्री असावा आणि शिकवणाऱ्यांपैकी नसावा. पुढे पोलीस आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८. आत्महत्येचा विचार दिसला, तर मुलाला एकटे न सोडता विश्वासाच्या पालकापर्यंत आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. आणि असे लेखन वार्षिक संग्रहात ‘धाडसी कथा’ म्हणून कधीही छापू नये. पीडित मुलाची ओळख उघड होऊ न देण्याचे बंधन कलम २३ मध्ये आहे, आणि लहान गावात नाव बदलून ओळख लपत नाही.

तालमीसाठी साधे नियम पुरतात. २० मुलांमागे दोन मोठी माणसे, त्यातली एक स्त्री. कपडे बदलण्याची जागा वेगवेगळी, तिथे मोबाईल बंद. बाहेरगावी मुक्काम असेल, तर कोणत्या खोलीत कोण हे आधी पालकांना लेखी.

दुसरा प्रश्न, मुलाने लिहिलेले कुणाचे? प्रवेशअर्जाच्या तळाशी ‘सर्व हक्क संस्थेकडे’ अशी ओळ छापून संस्था मोकळ्या होतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पहिला हक्क लेखकाचा, मग त्याचे वय काहीही असो. हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. शिवाय १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मूल करार करूच शकत नाही, त्यामुळे एकट्या मुलाची सही निरुपयोगी. संस्थेने हक्क घेऊच नयेत, असे आमचे ठाम मत आहे, परवानगी घ्यावी. एका निर्मितीसाठी किंवा एका संग्रहासाठी, दोन वर्षांची, मूल आणि पालक दोघांच्या सहीची. चित्रफीत इंटरनेटवर टाकण्याची परवानगी वेगळ्या कागदावर घ्यावी, कारण प्रयोग संपतो, चित्रफीत राहते. छपाईला जाईपर्यंत लेखन मागे घेण्याची मुभा मुलाला असावी. १५ व्या वर्षी लिहिलेले १७ व्या वर्षी नकोसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

कार्यशाळेतून उभ्या राहिलेल्या एकांकिकेत भांडण ठरलेले असते. सहा मुलांनी प्रसंग सुचवले, दोघांनी संवाद लिहिले, दिग्दर्शकाने शेवट बांधला आणि पत्रिकेवर लेखक म्हणून दिग्दर्शकाचे एकट्याचे नाव आले. बक्षीस मिळाले की हे उफाळून येते. यावर उपाय तालमीच्या वहीचा: कोणता प्रसंग कुणाकडून आला याची रोज दोन ओळींची नोंद, आणि श्रेयनामावली पहिल्या पूर्ण वाचनाच्या दिवशीच सर्वांसमोर ठरवणे.

विश्वस्तांनी संहिता वाचावी का? वाचावी, पण एकदाच आणि तालमी सुरू होण्याआधी. शंका लेखी द्याव्यात, उत्तर मुलांनी द्यावे. प्रयोगाच्या आठ दिवस आधी ‘शेवटी काहीतरी चांगला संदेश हवा’ म्हणून शेवट बदलायला लावणे, हे या क्षेत्रातले सर्वांत सर्रास घडणारे नुकसान आहे. पाठांतर मोडते, हालचाली चुकतात, आणि आपले खरे शब्द चालत नाहीत हे मूल शिकते.

कागदपत्रांचे थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या नोंदणी उताऱ्यावर, जुनीच नावे दिसतात, बँक सह्या बदलून देत नाही, आणि स्पर्धेच्या आठवड्यात प्रवासाचे पैसे खात्यात असून काढता येत नाहीत. निवडीच्या सभेतच इतिवृत्त, संमतिपत्रे आणि ओळखपत्रांच्या प्रती गोळा केल्या तर हे टळते. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय विधी व न्याय विभागाकडे आहे. आपल्याकडून अपेक्षा आहे ती त्या विभागाशी बोलण्याची.

१८ वर्षांखालील मूल विश्वस्त होऊ शकत नाही, पण वर्गातून बाहेर पडलेला १९ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी होऊ शकते. सात जणांच्या मंडळात अशा दोन जागा संस्थेच्या घटनेतच राखून ठेवाव्यात. त्या दोघांना मत हवे. नुसते ‘निमंत्रित’ ठेवले की तिसऱ्या सभेपासून ती येत नाहीत.

महोदय, आपल्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून राज्य बालनाट्य स्पर्धा घेतली जाते. त्या स्पर्धेच्या प्रवेशअर्जाला संस्था जेवढे गांभीर्याने घेतात, तेवढे दुसऱ्या कोणत्याही परिपत्रकाला घेत नाहीत. पुढच्या स्पर्धेपासून त्या अर्जासोबत चार कागद मागावेत: बालसुरक्षेसाठी नेमलेल्या विश्वस्ताचे नाव व संपर्क, तक्रार आल्यास पाळायचा लेखी क्रम, अज्ञान लेखक असल्यास त्याची व पालकांची परवानगी, आणि ठरलेली श्रेयनामावली. अनुदानाच्या छाननीतही हेच चार कागद असावेत. सोबत प्रत्येक महसुली विभागात विश्वस्तांसाठी वर्षातून एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. त्यात सकाळी पॉक्सो आणि मुलांशी बोलण्याचा सराव, दुपारी कॉपीराइट आणि बदल अर्ज. पहिल्या वर्षी कागद अपुरे म्हणून कुणाचा प्रवेश नाकारू नये. नमुने देऊन १५ दिवसांची मुदत द्यावी, नाहीतर लहान गावांतली पथकेच आधी गळतील.

नमुन्यांचे मसुदे मराठीत तयार करण्यासाठी आम्ही वेळ द्यायला तयार आहोत.

आपले,
युवा लेखन-नाट्य संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर काम करणारे कार्यकर्ते