एक पत्र, गाडीपायी

नागपूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाब्या,

तुझे तीन मेसेज आले. पहिला "घेतली का?", दुसरा "कोणती?" आणि तिसऱ्यात नुसता लालबुंद चेहरा. मोबाइलवर दोन ओळींत सांगता आलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. आज शेड बंद, ही माहेरी काटोलला गेलेली, आई दुपारची झोपलेली. म्हणून बसलो. जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून राहिलो, चालवून घे.

गाडी ठरली. पण नाव आत्ताच सांगत नाही, नाही तं तू पुढचं वाचणार नाहीस. हॉस्टेलमध्ये पेपराचा निकालसुद्धा तू शेवटच्या विषयापासून वाचायचास.

आपली कोरोला तुला माहीतच आहे. १४ वर्षं, २ लाख ४० हजार किलोमीटर. तिची माझ्याबद्दल तक्रार असेल, माझी तिच्याबद्दल नाही. पण आता वाळूजच्या पार्टीपायी महिन्यातून दोनदा संभाजीनगर होते. समृद्धीवरून साडेचारशे किलोमीटर, जाताना मीच, येताना मीच. ड्रायव्हर मी ठेवत नाही, हे तुला सांगायला नको. शिवाय आई. ८१ संपलं, गुडघे गेले, आणि दर पंधरा दिवसांनी कुठला ना कुठला डॉक्टर. वर्धा रोडचा प्लॉट विकला त्याचे पैसे आले, आणि ही म्हणाली, आता स्वतःसाठी काहीतरी घ्या, नाही तर तेही मशीनमध्ये घालाल.

नागपुरात गाडी घ्यायची म्हटलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा सल्ला देते. आणि सल्ला एकच: "एवढ्या पैशात फॉर्च्युनर येते ना भाऊ!" सीए म्हणाला, साळा म्हणाला, शेडवरच्या पोट्ट्यांनी तर फोटोही पाठवले. मला उंच गाडी नको होती. का नको, याला नीट उत्तर नाही. गाडी म्हटली की तिला लांब नाक आणि मागं डिकी पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं आहे. ते बहुतेक तुझ्या काकाच्या कॉन्टेसापासून. आईनं मात्र दोन्ही बाजू निकालात काढल्या. "जीपात चढा लागते, कारात उतरा लागते. गुडघे दोन्हीत दुखतेत."

तर राहिल्या दोन. एक टोयोटाची कॅमरी हायब्रिड, दुसरी बीएमडब्ल्यू ३३० एलआय, म्हणजे थ्री सिरीजची लांब केलेली आवृत्ती. तू म्हणशील यांची बरोबरी कशी. किमतीत नाहीच. कॅमरी गेल्या डिसेंबरात आली तेव्हा शोरूमची किंमत ४८ लाख होती, जर्मन बाई साठीच्या घरातली. पण डोक्यात दोघी एकदम घुसल्या त्याला मी काय करू?

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. जर्मन गाडीच्या शोरूममधल्या पोरानं माझ्यासाठी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. कॅमरीवाल्यानं मागचा. "सर, आधी मागं बसून बघा." मी म्हटलं, अरे, चालवणार मी आहे. तो ओशाळला, पण हात मागच्याच दरवाज्यावर होता. मला तेव्हा जरा अपमान वाटला होता. म्हातारा समजला काय बे!

आता जर्मन गाडीबद्दल. खोटं सांगणार नाही. सकाळी साडेसहाला सेमिनरी हिल्सवर नेली. तो टीव्ही टॉवरकडचा वळणावळणाचा उतार तुला आठवतो? तुझ्या येझदीवरून आपण तिथं इंजिन बंद करून यायचो, पेट्रोल वाचवायला. तिथं पहिलं वळण घेतलं आणि मला हसू आलं. स्टिअरिंग किती फिरवायचं याचा विचारच करावा लागला नाही, मान वळवली तशी गाडी वळली. मागची चाकं ढकलतात, पुढच्यांना वळण्याशिवाय दुसरं काम नाही, त्यामुळं हातात एक स्वच्छपणा येतो. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, शंभराला पोहोचायला ६.२ सेकंद. आकडे तू माझ्यापेक्षा जास्त पाठ करून बसला असशील. पण पायाखाली ते जे काही आवरून धरल्यासारखं असते ना, ते आकड्यात येत नाही. छप्पन्नाव्या वर्षी माणूस सकाळी साडेसहाला एकटा हसत बसला होता, आणि शेजारी सेल्समन सीट बेल्ट धरून.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. कागदावर लांब कोण, तर जर्मन! म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. तिचं २९६१ मिलिमीटर, आणि ज्या कॅमरीला सगळे मोठी गाडी म्हणतात तिचं २८२५. मीही चाट पडलो. पण मापपट्टी घेऊन बसलो तेव्हा कळलं. जर्मन गाडीत इंजिन उभं लावलेलं, मागच्या चाकांना ताकद न्यायला मधून दांडा जातो, म्हणून मागच्या फरशीला मधोमध चांगला उंचवटा. कॅमरीचं इंजिन आडवं, ओढतात पुढची चाकं, त्यामुळं सगळा खटाटोप बॉनेटखाली आटोपतो आणि मागं मोकळी जागा सोडतो. आपल्याला ड्रॉइंगच्या तासाला हे शिकवलं होतं. तू झोपला होतास.

मग मी नको तो हिशेब केला. ही वळणं मला वर्षातून किती वेळा मिळणार? सेमिनरी हिल्स चार-दोन रविवारी, चिखलदरा एकदा. बाकी माझं सगळं धावणं समृद्धीवर. आणि समृद्धी म्हणजे काय, तर शिवमडक्याला चढलं की नाकासमोर सिमेंट, वेगाची मर्यादा १२०, आणि वळण आलं तरी ते इतकं पसरट की स्टिअरिंगला कळतसुद्धा नाही. तिथं २५८ घोडे काय करतील? तबेल्यात उभे राहतील. त्या रस्त्यावर माणसाला झोप येऊ न देणारी, कंबर न धरणारी गाडी पाहिजे. हे मी स्वतःला समजावून सांगत होतो, आणि समजत नव्हतं.

कॅमरीचं यंत्र मात्र अभ्यास करण्यासारखं आहे. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटार. दोघांची ताकद दात्यांच्या एका जुडग्यात, मधे सूर्य आणि भोवती ग्रह अशा त्या रचनेत मिसळते. क्लच नाही, ठरावीक गिअर नाहीत, वायर लावून चार्ज करायची भानगड नाही. ब्रेक मारला की बॅटरी भरते, गर्दीत हळू चालताना बराच वेळ इंजिन बंदच. त्याहून मोठी गोष्ट नागपूरकरालाच कळेल: एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. मे महिन्यात सिग्नलवर हिरव्या जाळीखाली उभं राहायचं, इंजिन बंद, आणि आत गारवा तसाच. ४५ डिग्रीत दुपारी कधी व्हेरायटी चौकात उभा राहिलास तर या एका वाक्यासाठी मला फोन करशील. कंपनी लिटरला २५.४९ सांगते. मला शहरात डिस्प्लेवर १९ दिसले, आणि माझा पाय काही हलका नाही.

दोषही सांगतो. जोरात दाबली की इंजिन आधी ओरडते आणि गाडी मागून निघते. आधी गलका, मग काम, आपल्या शेडवरच्या एकासारखं. वळणावर ती "चला, सावकाश जाऊ" म्हणते. सेमिनरी हिल्सच्या त्याच उतारावर नेली तेव्हा हसू वगैरे काही आलं नाही.

आता आईचं. तिला दोन्हीत बसवायचं ठरलं होतं. कानाचं मशीन तिच्याकडे आहे, पण शिट्टी वाजते म्हणून ती ते डबीतच ठेवते. त्यामुळं घरात आमचं सगळं बोलणं वरच्या पट्टीत. शेजारच्यांना वाटते रोज भांडण. पहिल्या शनिवारी जर्मन गाडीत बसवलं. त्रिमूर्तीनगरहून रिंग रोड, छत्रपती चौकातून वर्धा रोडला वळायचं, आणि बुटीबोरीपर्यंत जाऊन परत. तुला रिंग रोडचं सिमेंट माहीत आहे, जोड आला की टपटप, आणि मधे एकसारखी घरघर. रुंद टायर, त्यातून त्या रनफ्लॅट. हवा गेली तरी धावता यावं म्हणून बाजू कडक केलेल्या. प्रत्येक जोड आत मोजून येतो. माझ्या कानाला त्यात त्रास काही नव्हता, मला तर ते आवडत होतं. आईनं काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. "काय म्हनतं?" पुन्हा सांगितलं. "काय?" तिसऱ्यांदा मान मागं वळवून ओरडलो तर शेजारचा सेल्समन दचकला. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. बुटीबोरी येऊन गेली, एक शब्द नाही. घरी आल्यावर म्हणाली, "चांगली हाय."

पुढच्या शनिवारी कॅमरी. तोच रस्ता, तीच वेळ. आईची पिशवी मागच्या सीटपाशी खाली ठेवलेली होती, त्या पोरानं वाकून उचलली आणि म्हणाला, "आजी, इथं जाळी आहे, बॅटरीला हवा लागते." आईला पटलं. "तिलेबी उकडत असन." पिशवी मांडीवर घेतली. छत्रपती चौकात सिग्नल लागला, डोक्यावर पूल, त्याच्या वर मेट्रो, आणि गाडी एकदम चूप. इंजिन बंद झालेलं. तेवढ्यात मागून, अगदी रोजच्या आवाजात:

"तुह्या बापाचा डब्बा शेडवरच हाय का रे अजून?"

मी म्हटलं, हो, आहे. तेही रोजच्याच आवाजात, मान न वळवता.

"त्याचं झाकन बसत नोतं. वाटीनं दाबून देओ मी."

मग सिग्नल सुटला. ती बोलत राहिली. बाबांचा डबा, काटोलची संत्र्याची आंबिया बहाराची बोली एका साली कशी बुडाली, तुझ्या काकाची कॉन्टेसा, मधेच तुझं नाव. खापरी गेली, बुटीबोरी आली, आम्ही वळलो, ती बोलतच होती आणि मी हो-नाही करत होतो. मशीन घरी डबीत. ओरडल्याशिवाय तिच्याशी बोलून मला किती दिवस झाले होते, हे मला आठवेना. सेल्समन बिचारा गाडीचे गुण सांगायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. शहाणा पोरगा.

म्हणून कॅमरी. घे, आलं नाव.

पण एक कबुली. हे सगळं झाल्यावरही मंगळवारी मी एकटा, हिला न सांगता, पुन्हा त्या जर्मन गाडीपाशी गेलो होतो. चालवली नाही. नुसता आत बसलो, स्टिअरिंगवर हात ठेवले. जाड, गुबगुबीत, कोवळ्या पडवळासारखं लागते हाताला. त्या पोरानं हिशेबाचा कागद पुढं केला. २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, मोठ्या गाड्यांवरचा ४८ टक्क्यांचा बोजा ४० वर आला, म्हणजे पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त. हायब्रिडवर आधी ४३ होता तो पण आता ४०, म्हणजे कॅमरीला करात जी सवलत होती ती गेली. तो पोरगा हे फार खुशीत सांगत होता. वरून आपल्या राज्याचा रोड टॅक्स १३ टक्के, विमा, अमकं तमकं. मी कागद घडी करून खिशात घातला. अजून खिशातच आहे. धुवायला टाकायच्या आधी काढायला हवा.

तुझा पहिला प्रश्न काय असेल ते मला माहीत आहे: "मग मजेचं काय?" ते ऐकून मला १९९० चा चिखलदरा आठवते. कॉन्टेसा तू चालवत होतास. परतवाड्याच्या पुढं घाट लागला आणि तुझ्या अंगात आलं. मागच्या चाकांची गाडी, वळणावर शेपूट टाकते कशी बघा रे, असं ओरडत होतास. तुझ्यासारखी मजा त्या दिवशी कोणालाच आली नसेल, कारण आम्ही तिघं मागं होतो आणि तिघांनीही ओकाऱ्या काढल्या. मी दोनदा. तू खाली उतरून विचारलंस, "काय झालं बे?"

गाडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळणार. रंग पांढरा घेतला, नागपूरच्या उन्हात दुसरा कोणता घेणार. नंबर एमएच ३१ चाच पडेल. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, हे हिला सांगितलं तर म्हणाली, तुमची किती आहे? कोरोला शेडवरचा फोरमन घेऊन राहिला, त्यामुळं ती दिसत राहील.

नाताळात रजा टाक आणि ये. चिखलदऱ्याला जाऊ. चालवीन मी. तू मागं बस, आईशेजारी, पाठ हवी तेवढी कलती होते बटणानं. वहिनींना पुढं बसव, त्यांना घाट बघायचा आहे असं त्या गेल्या वेळी म्हणाल्या होत्या.

आई उठली. तुला लिहून राहिलो सांगितलं तर म्हणते, बाब्याला येताना मशीनचे सेल आणायला सांग, १३ नंबरचे, नारिंगी पट्टीवाले. सीताबर्डीवर पाहिजे तेवढे मिळतात, पण तिला तुझ्याकडून काहीतरी मागवायचंच असते. मी म्हटलं, अगं, मशीन तं तू लावतच नाहीस. म्हणाली, "गाडीत नाही लागत. घरात लागन ना."

चार पाकिटं आण.

तुझा,
शऱ्या