वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या काजूवाल्या काकींना

काकी, साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वेंगुर्ल्यात काजू घेणाऱ्यांना बरोबर कळेल.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापातून उठले ते निम्मे होऊन. ताप गेला, पण तोंडाची चव काही परत येईना. पेजेचे दोन घोट घेतले की वाटी बाजूला. कवळी सैल झालेली, त्यामुळे चावणंही जिवावर यायचं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं द्या, पण अंगी लागेल असं द्या. सांगायला सोपं!

म्हणून मी पैसे भरून एक ऑनलाइन वर्ग केला. भट्टी नको, गॅस नको, पौष्टिक बार घरच्या घरी. सामानाच्या यादीत ब्लूबेरी, चिया, बदामाचं बटर. कुडाळात ब्लूबेरी कुठे शोधायची? बरं, सगळं बांधायला खोबरेल तेल घालायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. खोबरेल साधारण 24-25 अंशांवर वितळतं. आमच्याकडे भर पावसातही एवढा गारवा क्वचितच, त्यात जरा वारा सुटला की लाइट जाते. बारचं पार पिठलं झालं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘तुमचा फ्रीज चांगला नसेल.’ पैसे घेतानाचा गोडवा तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे.

मग तुमच्या दुकानात आले. हातात अख्ख्या, टपोऱ्या काजूचं पाकीट होतं, पैसेही काढले होते. तुम्ही सहज विचारलंत, कोणासाठी. मी सगळं सांगितलं. त्यावर तुम्ही माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलंत आणि परत फळीवर ठेवलंत. ‘वाटूचेच आसत तर आख्खे कित्याक होये तुका?’ म्हणत तुकडा काजू तोलून दिलात. माल तोच, फक्त फुटलेला, आणि दर कितीतरी कमी. मी तर मुकाट्याने घेऊन जाणार होते की! हायवेला बाहेरच्या बियांचा काजू ‘वेंगुर्ल्याचा’ म्हणून पर्यटकांच्या गळ्यात मारणारे मी पाहिलेत. आणि तुम्ही गिऱ्हाइकाने स्वतःहून धरलेली महाग वस्तू सोडवून घेतलीत. घरी येईपर्यंत तेच डोळ्यांसमोर होतं. आजही ते पाकीट फळीवर जाताना आठवलं की भरून येतं.

खजूर देण्याआधी तुम्ही बाबांना साखर आहे का, तेही विचारलंत. ‘हेल्दी, शुगर फ्री’ म्हणून खजुराचे लाडू विकणाऱ्यांना हे कधी सुचत नाही. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, मग ती झाडाची असली म्हणून काय झालं?

कृती काय, तुम्ही उभ्या उभ्या सांगितलीत. काजू तव्यावर कोरडे भाजून पूर्ण गार करायचे, नाहीतर डब्यात घाम धरतो आणि बुरशी येते. ओलं खोबरं अजिबात नको, सुकं घ्यायचं. खजूरच सगळं बांधून धरतो, फ्रीजची गरज नाही. आंबापोळीचे बारीक तुकडे. आणि धुऊन, पुसून, अगदी बारीक चिरलेलं एक आमसूल. हे मला विचित्रच वाटलं होतं, पण सगळी किमया त्यात होती. बाबांनी लिंबाएवढी गोळी तोंडात घातली, जरा घोळवली आणि म्हणाले, ‘आंबटसा काय घातलंस गो?’ किती दिवसांनी त्यांनी चवीबद्दल काही विचारलं होतं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग दुसरी गोळी मागितली त्यांनी.

आता रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. 100 ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, तेव्हा दोन गोळ्यांतही बरंच पोटात जातं. काठी न घेता ते पडवीपर्यंत जातात. गणपतीला आरतीला उभं राहायचं म्हणतात.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं करणं असं मला वाटायचं. तुम्ही तर बोलता बोलता तराजूत तुकडा ओतलात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. तुमच्या लक्षातही नसेल.

चतुर्थीच्या बाजाराला आमचे हे वेंगुर्ल्याला येतील, त्यांच्याबरोबर डबा पाठवतेय. यावेळी दोन आमसुलं घातलीत, बाबांच्या हुकमावरून. जास्त झाली असतील तर स्पष्ट सांगा. आणि तुकडा काजू एक किलो बाजूला काढून ठेवा, पैसे ह्यांच्याकडून घ्या. पूर्ण घ्या.

तुमची,
कुडाळची सून